अंगावर पुरळ आणि ताप: घरी काय करायचं, दवाखान्यात कधी निघायचं

विषाणूंमुळे उठणारं बहुतेक पुरळ मलमाने जात नाही. ते त्याच्या वेळेनेच ओसरतं. घरोघरी पहिला प्रश्न असतो ‘याच्यावर काय लावू?’, पण त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ताप आधी आला की पुरळ? पुरळ कुठून सुरू झालं? पोटात पाणी किती जातंय आणि लघवी किती वेळा होतेय? याची उत्तरं हाताशी असली की निम्मं निदान झालेलं असतं.

हा लेख पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांसाठी आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात येऊन पीजीत राहणाऱ्या, ताप आला तर विचारायला घरात वडीलधारं कोणी नसणाऱ्यांसाठीही आहे.

पहिली पायरी: थांबायचं की निघायचं

खालचं एकही लक्षण दिसलं तर पुढचं वाचत बसू नका. निघा. रात्री-अपरात्री वाहन नसेल तर 108 ला फोन करा.

- तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप
- दाबल्यावर न मावळणारे लाल-जांभळे ठिपके
- जोरजोरात श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं
- झटका येणं, मान ताठणं, हाका मारूनही नीट जाग न येणं, असंबद्ध बोलणं
- थांबत नसलेल्या उलट्या, पोटात जोराचं दुखणं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शी
- आठ तासांत एकदाही लघवी नाही
- डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड
- नवीन औषध सुरू केल्यावर ओठ, तोंड, डोळे किंवा लघवीची जागा सोलवटणं

गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, किडनी बदललेला रुग्ण, पोटातून स्टेरॉइड घेणारा माणूस आणि नवजात बाळ यांच्या बाबतीत पुरळ साधं दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. त्यांच्या शरीरात हेच विषाणू वेगळ्या ताकदीने वागतात.

ठिपके मावळतात की नाही हे बघायला साधा, नक्षी नसलेला काचेचा पेला पुरतो. पेल्याची बाजू पुरळावर हलकी दाबून धरा आणि काचेतून बघा. रंग फिका झाला तर रक्तवाहिन्या फक्त फुगलेल्या आहेत. ठिपका तसाच राहिला तर रक्त त्वचेत झिरपलंय. डेंग्यूत हे होतं, मेंदूज्वराच्या काही घातक जंतूंतही होतं. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून तळवे, तळपाय, पोट आणि खालच्या पापणीची आतली बाजू तपासा. ट्यूबलाइटखाली फसायला होतं. दिवसा, खिडकीशी उभं राहून बघा.

दुसरी पायरी: नोंद ठेवा

एक कागद घ्या. ताप कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू झाला ते लिहा. पहिला फोड किंवा ठिपका कुठे दिसला, कोणतं औषध कधी दिलं, लघवी किती वाजता झाली हेही लिहा. दिवसातून दोनदा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा: एक जवळून, एक संपूर्ण पाठ किंवा पोट दिसेल असा. पुरळ तासागणिक बदलतं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत पुष्कळदा ते वेगळंच दिसू लागलेलं असतं, आणि सकाळचा फोटो डॉक्टरांना त्या क्षणीच्या तपासणीइतकाच उपयोगी पडतो.

लालसर उठलेल्या चकत्या असतील तर एकीभोवती बॉलपेनने गोल काढा. चोवीस तासांत ती चकती जागा बदलून दुसरीकडे उठली तर ते अंगावर उठलेलं पित्त आहे. लहान मुलांत सर्दी-तापाच्या विषाणूंनीही पित्त उठतं, त्यामुळे प्रत्येक वेळी खाण्यातला दोष शोधत बसायचं कारण नाही.

तिसरी पायरी: हे कशाचं पुरळ?

नेमकं निदान डॉक्टरच करतील. पण ओळखीच्या आजारांची चाल माहीत असली की घाई कुठे करायची आणि धीर कुठे धरायचा हे कळतं.

कांजिण्या. एक-दोन दिवस कणकण, मग पोटावर, पाठीवर किंवा डोक्याच्या केसांत लाल ठिपके. काही तासांत त्यांचे पाण्याने भरलेले फोड होतात, मग ते बसके होतात आणि खपली धरते. पुढचे तीन-चार दिवस नवनवे फोड येत राहतात, त्यामुळे एकाच जागी ठिपका, फोड आणि खपली तिन्ही एकत्र दिसतात. हीच कांजिण्यांची पक्की खूण. संसर्ग झाल्यापासून पुरळ यायला 10 ते 21 दिवस लागतात, म्हणून ‘कुणाकडून आलं’ याचा शोध दोन-तीन आठवडे मागे जाऊन घ्यावा लागतो. पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत माणूस संसर्ग देतो.

बारा वर्षांच्या आतल्या निरोगी मुलाला बहुतेक वेळा विषाणूविरोधी औषध लागत नाही. मोठ्यांचं तसं नाही. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, एका खोलीत तिघे राहणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियाचा धोका लहान मुलापेक्षा बराच जास्त, आणि तो सिगारेट ओढत असेल तर आणखी जास्त. एसायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून 24 तासांत सुरू झालं तरच त्याचा खरा फायदा होतो. मोठ्या माणसाला साधारण 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस दिली जाते. किडनीचा त्रास असलेल्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय घेऊ नका. पण ‘शनिवारी सुट्टी आहे तेव्हा दाखवू’ म्हणून दिवस घालवूही नका.

गोवर. इथे चाल वेगळी आहे. आधी चढता ताप, खोकला, वाहणारं नाक, लाल चिपडलेले डोळे. तीन-चार दिवसांनी कानामागे आणि चेहऱ्यावर पुरळ, जे खाली उतरत पायांपर्यंत जातं. पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. विषाणू हवेतून जातो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत संसर्ग राहू शकतो. गोवर झाल्यावर बालकाला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस, सलग दोन दिवस, दिले जातात: सहा महिन्यांच्या आत 50,000 युनिट, सहा ते अकरा महिने 1 लाख, वर्षाच्या पुढे 2 लाख. डोळ्यांचं नुकसान आणि मृत्यू टाळण्यासाठी हे लागतं. हे डोस डॉक्टर किंवा आरोग्य केंद्रच देतं. बाजारातल्या गोळ्या आणून स्वतः देऊ नका, जास्त ‘अ’ जीवनसत्त्व विषारी ठरतं. गोवर हा ‘येऊन जाणारा’ आजार समजला जातो, पण त्यात मुलं दगावतात. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ येऊन मुलं दगावली, ते फार जुनं नाही.

हात-पाय-तोंड. बालवाडीतल्या मुलांचा, पुण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर हमखास दिसणारा आजार. तळहात, तळपाय, ढुंगण, गुडघे यांवर छोटे फोड आणि तोंडात दुखरे व्रण. बरेच पालक याला कांजिण्या समजतात. फरक असा की कांजिण्या पोट-पाठीवर दाट असतात, आणि हा हातापायांच्या टोकांना. सात ते दहा दिवसांत जातो. महिना-दोन महिन्यांनी बोटांची नखं सुटून गळू लागली तर घाबरू नका. तो याच आजाराचा मागाहून येणारा परिणाम आहे, खालून नवं नख येतं.

बाळाचं तीन दिवसांचं तापाचं पुरळ. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाला तीन-चार दिवस कडक ताप, मग ताप एकदम उतरतो आणि अंगभर फिकट गुलाबी पुरळ दिसतं. पुरळ दिसलं म्हणजे आजार संपत आलाय. घोटाळा इथे होतो की तिसऱ्या दिवशी कुणीतरी अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं, चौथ्या दिवशी पुरळ येतं आणि बाळाला ‘त्या औषधाची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का आयुष्यभरासाठी बसतो. नोंदीचा कागद अशा वेळी कामाला येतो.

पाच दिवसांहून जास्त ताप, लालभडक ओठ, स्ट्रॉबेरीसारखी खरखरीत जीभ, चिपडं न येता लाल झालेले डोळे आणि पुरळ असं एकत्र असेल तर तो विषाणूजन्य ताप म्हणून सोडून देऊ नका. तो कावासाकी आजार असू शकतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि आजाराच्या पहिल्या दहा दिवसांत उपचार झाले तर ती बरीचशी टळते.

डेंग्यू आणि त्याची भावंडं

जुलै ते नोव्हेंबर या काळात पुण्यात ताप आणि पुरळ एकत्र आलं की डेंग्यू वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. 2024 च्या पावसाळ्यात शहरात चिकुनगुन्या बळावला आणि झिकाचेही रुग्ण सापडले. तिन्ही एकाच डासाकडून येतात. हा डास दिवसा चावतो आणि कुंडीखालच्या ताटलीत, गॅलरीतल्या रिकाम्या डब्यात, सोसायटीच्या उघड्या टाकीत वाढतो.

डेंग्यूत पहिल्या दिवसांत चेहरा-छाती लालसर होते. बरं होताना, पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास, हातापायांवर लाल पुरळ पसरतं आणि मधेमधे फिकट गोल ठिपके सुटलेले दिसतात. तळहात-तळपायांना असह्य खाज सुटते. हे पुरळ बरं होण्याचं लक्षण आहे, त्यावर उपचार नको. गार पाण्याची पट्टी आणि खाज शमवणारं कॅलामाइन लोशन पुरतं.

खरा धोका असतो तो ताप उतरल्यावरच्या 24 ते 48 तासांत. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत कधीतरी ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. ताप गेला पण माणूस जास्तच मलूल झाला, हातपाय गार पडले, पोट दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर तसंच उचलून रुग्णालयात न्या.

तपासणीचं वेळापत्रक साधं आहे. पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 ही डेंग्यूची रक्ततपासणी, त्यानंतर आयजीएम ही दुसरी. रक्ताची मोजणी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, आणि अहवालात फक्त प्लेटलेट बघू नका. हिमॅटोक्रिट नावाचा आकडा चढत असेल तर रक्त घट्ट होतंय. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपत असल्याचा इशारा तो आकडा देतो. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट यांच्या मागे धावण्यात घरच्यांची शक्ती जाते. कडू रसाने उलट्या होऊन अंगातलं पाणी मात्र नक्की कमी होतं.

चिकुनगुन्यात सांधे इतके धरतात की सकाळी चहाचा कप उचलता येत नाही. पुरळ त्यामानाने किरकोळ. नंतर नाकावर काळसर डाग पडतात, ते काही महिन्यांत फिके होतात. झिका बहुतेकांना जेमतेम जाणवतो, पण गरोदर बाईसाठी तो गंभीर, कारण बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. गरोदरपणात ताप-पुरळ आलं तर प्रसूतितज्ज्ञांना त्याच दिवशी कळवा. शहरातली राष्ट्रीय विषाणू संस्था हे नमुने तपासते, पण नमुना रुग्णालय किंवा महापालिकेच्या आरोग्य खात्यामार्फत पाठवला जातो. आपण थेट तिथे जाऊन उपयोग नसतो.

चौथी पायरी: तापाचं औषध, मोजून

एकच औषध: पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांतलं काहीही नको, गोळी नको आणि इंजेक्शनही नको. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो. कांजिण्यांत आयबुप्रोफेनमुळे कातडीतला जिवाणू-संसर्ग खोल जाण्याचा धोका असतो. आणि कांजिण्यांत मुलाला अ‍ॅस्पिरिन दिलं तर यकृत आणि मेंदूला सूज येणारा जीवघेणा आजार होऊ शकतो. ‘दोन्ही मिळून’ असलेलं सिरप घरात असतं, त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं. म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

मुलांचं प्रमाण वजनावर ठरतं, वयावर नाही. दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. 12 किलोच्या मुलाला एका वेळी 180 मिलिग्रॅम लागतं. आता बाटली बघा:

- 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असेल तर 7.5 मिलिलिटर
- 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असेल तर 3.6 मिलिलिटर
- 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅमचे थेंब असतील तर 1.8 मिलिलिटर

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बाळ लहान असताना आणलेल्या थेंबांचं औषध सिरपच्या मापाने दिलं जातं, म्हणजे मात्रा चौपट होते. घरातल्या चमच्याने मोजू नका, सुई नसलेली सिरिंज केमिस्टकडे मिळते. मोठ्यांनी 650 ची गोळी सहा तासांनी एक, दिवसात चारच्या वर नाही, आणि सर्दीची गोळी सोबत घेऊ नका, कारण तिच्यातही पॅरासिटामॉल असतं.

अंग पुसायला नळाचं साधं किंवा कोमट पाणी घ्या. बर्फाच्या पाण्याने कापरं भरतं आणि ताप आतून चढतो. कोलन वॉटरच्या पट्ट्या फोड असलेल्या कातडीवर झोंबतात.

पाचवी पायरी: कातडी शाबूत ठेवणं

फोड फुटला नाही तर सहसा डाग राहत नाही. हे लक्षात ठेवलं की बाकीची काळजी आपोआप सुचते.

रोज आंघोळ घालायची. ‘पाणी लावू नका’ ही जुनी समजूत सोडून द्या. घाम आणि मळ साचला की खाज वाढते आणि फोड पिकतात. पाणी कोमट असावं, वेळ दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. साबण सौम्य, तोही काखा-जांघांपुरता. उटणं, डाळीचं पीठ, घासणी काहीही नको. खाज फार असेल तर अर्धी वाटी साधे ओट्स (मसाल्याचे नव्हेत) मिक्सरमधून अगदी बारीक करा आणि बादलीभर कोमट पाण्यात ढवळा. पाणी दुधाळ झालं की पीठ पुरेसं बारीक आहे. तळाशी बसलं तर पुन्हा फिरवा. शेवटी हे पाणी अंगावर हळूहळू ओतायचं आणि मऊ सुती पंचाने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. बादलीजवळ फरशी निसरडी होते, मुलाला धरून ठेवा.

कडुनिंबाचा पाला अंथरुणाखाली ठेवायची रीत असेल तर ठेवा, त्याने अपाय नाही. पाल्याने फोड झाडणं, वाटून लावणं मात्र टाळा. हळदीचा लेप, टूथपेस्ट, बोरिक पावडर, टाल्कम पावडर हेही टाळा, कारण त्याने फोडांवर कवच धरतं आणि खाली पू साचतो.

कॅलामाइन लोशन बाटली हलवून, कापसाने, फोडावर टिपायचं. दिवसातून तीन-चार वेळा. डोळे, तोंडाची आतली बाजू, लघवीची जागा आणि फुटलेल्या जखमा सोडून. काही लोशनांत खाजेचं औषध, डायफेनहायड्रामाइन, मिसळलेलं असतं. लहान मुलाच्या मोठ्या भागावर ते लावू नका, ते कातडीतून अंगात शोषलं जातं.

खाजेसाठी पोटातून सेटिरिझिन चालतं. 5 मिलिलिटरमध्ये 5 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर दोन ते पाच वर्षांच्या मुलाला संध्याकाळी अडीच मिलिलिटर, सहा वर्षांच्या पुढे पाच मिलिलिटर. दोन वर्षांच्या आत डॉक्टरांना विचारूनच. खाज रात्री जास्त सुटते, त्यामुळे डोस झोपायच्या तासभर आधी द्या. नखं रोज बघा, कापा, कानशीने गुळगुळीत करा. तान्ह्याला सुती मोजे हातात घाला. खोली हवेशीर, कपडे सैल सुती. ‘वारं लागेल’ म्हणून कांबळ्यात गुंडाळलेलं मूल घामेजतं आणि दुप्पट खाजवतं.

आता एक गोष्ट कळकळीने. कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरकस स्टेरॉइड असतं, जोडीला बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. दोन दिवस लाली दबते, बरं वाटतं, आणि तेवढ्यात कातडीची लढायची ताकद कमी होऊन विषाणू पसरतो. नागीण आणि कांजिण्यांत तर यामुळे साधा आजार अवघड होऊन बसतो.

फोड पिकला हे कसं ओळखायचं? भोवतीची लाली वाढत जाते, हात लावला तर गरम लागतं, दुखतं, मधासारखी पिवळी खपली धरते. लालीच्या कडेवर पेनने रेघ मारा. चार-सहा तासांत लाली रेघेबाहेर गेली तर डॉक्टर गाठा. कांजिण्यांत एकदा गेलेला ताप चौथ्या दिवसानंतर पुन्हा चढला तर तोही बहुतेक जिवाणूंचा. इथे अँटिबायोटिक लागतं. त्याआधी नाही.

खपल्या स्वतः गळू द्या. कोरड्या खपलीवर साधी पेट्रोलियम जेली लावली की ती ताणत नाही. उरलेले डाग उन्हाने गडद होतात, म्हणून काही महिने बाहेर पडताना सनस्क्रीन किंवा पूर्ण बाह्या.

सहावी पायरी: पाणी आणि तोंड

हात-पाय-तोंड आजारात मूल रुग्णालयात भरती होतं ते बहुधा फोडांमुळे नव्हे, गिळता न आल्याने. तोंडात व्रण असताना लिंबू सरबत, संत्री, टोमॅटोचं सार, तिखट-मीठ असं काही दिलं की मूल एकदा रडतं आणि मग काहीच तोंडात घेत नाही. गार दूध, गोड ताज्या दह्याचा भात, गार केलेली नाचणीची पेज, साधं आइस्क्रीम द्या. दर पाच मिनिटांनी दोन चमचे, हा हिशोब ग्लासभर एकदम पाजण्यापेक्षा चालतो. जेवणाच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल दिलं तर गिळणं सोपं जातं. तोंडात लावायची बधिर करणारी जेल दोन वर्षांच्या आत वापरू नका.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं 200 मिलिलिटरमध्ये. पाकिटावर लिहिलेलं माप पाळा. अर्धं पाकीट अंदाजाने घातलं की मिठाचं प्रमाण चुकतं. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. फळांच्या चवीची तयार पेयं ओआरएसची जागा घेत नाहीत, त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी असतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलंय का ते बघा.

नागीण

नागीण म्हणजे जुन्या कांजिण्यांचा विषाणू. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून राहतो आणि वय, ताण किंवा अशक्तपणात उठतो. अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, घोळक्याने आलेले फोड आणि त्याआधी दोन-तीन दिवस तिथेच आग, टोचल्यासारखं दुखणं. छातीत दुखतं म्हणून ईसीजी काढला जातो, कमरेत दुखतं म्हणून किडनी स्टोन शोधला जातो, आणि मग फोड दिसतात.

‘दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो’ ही भीती पूर्णपणे चुकीची आहे. त्या भीतीपोटी नागीण उतरवून घ्यायला, शेंदूर लावायला, मंत्र टाकायला दोन-तीन दिवस जातात. नेमके तेच दिवस औषधाचे. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर आजार आटोक्यात राहतो. पुढे महिनोन्‌महिने राहणारी मज्जातंतूंची वेदना साठीच्या पुढच्या माणसाला झोपू देत नाही, त्यामुळे आजी-आजोबांच्या बाबतीत वेदनेचा उपचारही पहिल्याच दिवशी मागा. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याला धोका आहे, नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं तर कान-नाक-घसा तज्ज्ञ.

नागिणीच्या फोडातल्या पाण्याने दुसऱ्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्या नातवाला कांजिण्या होऊ शकतात. फोड खपली धरेपर्यंत सुती कापडाने झाकून ठेवा. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची दोन डोसांची लस 2023 पासून भारतात मिळते. महाग आहे, तरी डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

दवाखान्यात जाताना

आधी फोन करा आणि ‘ताप आणि पुरळ आहे, गोवर किंवा कांजिण्या असू शकतील’ असं स्पष्ट सांगा. बालरोगतज्ज्ञांच्या छोट्या प्रतीक्षा खोलीत लसीसाठी आलेली दीड महिन्याची बाळं आणि गरोदर आया बसलेल्या असतात. बहुतेक डॉक्टर शेवटची वेळ देतात किंवा बाहेर गाडीत थांबायला सांगतात. सोबत नोंदीचा कागद, फोटो, लसीकरणाचं कार्ड आणि चालू औषधांच्या पट्ट्या घ्या. पुणे महापालिकेचं डॉ. नायडू रुग्णालय सांसर्गिक आजारांसाठीच आहे. ससून आणि पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय हे मोठे सरकारी पर्याय. गोवराचा संशय असेल तर नोंद लपवू नका. महापालिकेचे लोक घरी येतात ते आसपासच्या लहानग्यांना लस मिळावी म्हणून.

वेगळं ठेवणं, शाळा, स्वच्छता

कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. गोवर: पुरळ आल्यापासून चार दिवस पूर्ण. हात-पाय-तोंड: ताप गेला, लाळ गळणं थांबलं, फोड सुकले की शाळा चालेल, पण विषाणू शीमधून कित्येक आठवडे जात राहतो. त्यामुळे लंगोट बदलल्यावर आणि शी धुतल्यावर साबणाने वीस सेकंद हात. या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. खेळणी आणि दारांच्या मुठी यांसाठी एक लिटर पाण्यात 20 मिलिलिटर पाच टक्क्यांचं ब्लीच, दहा मिनिटं ठेवून धुवा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. द्रावण रोज नवं करा. पीजीत राहत असाल तर वेगळी खोली नसली तरी वेगळा टॉवेल, वेगळं अंथरूण आणि उघडी खिडकी एवढं तरी करा, आणि रूममेटना आजच सांगा. त्यांपैकी कुणाच्या घरी गरोदर बहीण असू शकते.

घरातल्या बाकीच्यांसाठी घड्याळ

रुग्णाशी संपर्क झाल्यावरही काही दारं थोड्या वेळासाठी उघडी असतात. गोवराच्या संपर्कानंतर 72 तासांत लस घेतली तर आजार टळू शकतो. कांजिण्यांत तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत. ज्या गरोदर बाईला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, तिला ही लस चालत नाही. तिच्यासाठी तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन असतं, ते दहा दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. बाळंतपणाच्या पाच दिवस आधी ते दोन दिवस नंतर या काळात आईला कांजिण्या आल्या तर नवजात बाळाला तातडीने बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीत ठेवावं लागतं.

गोवर-रुबेलाची लस महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळते: पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही. ती खासगी दवाखान्यात दोन डोसांत, पहिला साधारण पंधराव्या महिन्यात. दुसरा डोस पुष्कळदा राहून जातो. कार्ड काढून आजच तपासा, आणि लग्न ठरलेल्या किंवा बाळाचा विचार करणाऱ्या मुलींनी रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी झाल्यात का ते आधी बघावं, कारण दोन्ही लसींनंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळायची असते.